आरशातला दुसरा नर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तो शिलाई मशीनवर बसूनच घातला आहे, गोड मानून घे). तुझी तब्येत कशी आहे? भाची कळवते की बरी आहे, पण तू जेवतेस अर्धं आणि बोलतेस पाव. भावोजींना जाऊन आठ महिने झाले आणि माझ्या चार पत्रांना तुझं एकही उत्तर नाही. ही तक्रार नव्हे. पण काळजी वाटते, ती लपवून काय करू?

पत्रास कारण की, मी पक्षी पाहू लागलो आहे. हसू नकोस. तुम्ही दोघं मागच्या पायऱ्यांवर दुर्बीण घेऊन बसायचात, तेव्हा 'रिकामपणाचे उद्योग' म्हणणारा मीच. झालं असं की, दुकानाच्या दाराशी दिव्याची वायर लोंबते, तिला एक इवलासा पिवळट पक्षी कोळिष्टकं आणून चिकटवू लागला. वर माझ्या टेबलाखालचे दोरे आणि कातरणंही पळवू लागला. मग एक काळानिळा, चकचकीत नर आला आणि पाठोपाठ हुबेहूब तसाच दुसरा. दोघांची अशी जुंपली की विचारू नकोस. तीन दिवस मी वहीत लिहीत होतो, 'नर दोन, दोन्ही कजाग, दुसरा जास्त हट्टी.' अंदाजाने मापंही टिपली, चोचीपासून शेपटीपर्यंत चार इंच, दोघांची तंतोतंत सारखी. इतकी सारखी मापं जुळ्या भावांचीही निघत नाहीत, हे चाळीस वर्षं कात्री चालवून माझ्या ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी तुझी भावजय केर काढता काढता म्हणाली, "अहो, तो आरशाशी भांडतोय."

तेव्हापासून दुकानातला आरसा अस्तराच्या कापडाने झाकला आहे. गिऱ्हाईक कुरकुरलं की 'हातच्या काकणाला आरसा कशाला' म्हणतो. बँकेतले साहेब नव्या कोटाची एक बाही लांब असताना खुशीत घरी गेले (दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांना घेऊन परत आले, ते वेगळं). दाराचा दिवा लावत नाही, म्हणून दुकान दिवसाउजेडीच बंद होतं. कोळिष्टकं काढायची मी घरभर बंदी केली आहे, त्यामुळे तुझी भावजय माझ्याशी मोजकंच बोलते.

पक्ष्याचं नाव मी वहीत 'खंड्या' असं नोंदवलं आहे. बरोबरच असणार.

तुझा आज्ञाधारक (हल्ली हल्लीच झालेला),
धाकटा

ता. क. तो खंड्या नाही, शिंजीर आहे, हे मला मंगळवारीच कळलं. पण तू जन्मभर वह्या तपासल्यास. बरोबर लिहिलेलं पत्र तू बाजूला ठेवशील, चूक दिसली की पेन शोधशील, एवढाच माझा डाव होता.

आणखी ता. क. घरट्यात दोन अंडी आहेत. पत्रातून चूक सुधारत बसलीस तर पिल्लं उडूनही जातील. म्हणून भाचीला तुझं रविवारचं तिकीट काढायला सांगितलं आहे. हवं तर इथे येऊन रागाव. भावोजींची मला फार आठवण येते गं, आणि ती कुणाजवळ काढावी तर तुझ्याशिवाय कोणी नाही.