पाटी उचलली, घर राहिलं

ता. ९ जानेवारी
दुकानातून

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय. घरी आलं असतं तर पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या बाबानं, म्हणजे आमच्या दादानं, आधी फोडलं असतं, आणि ते सध्या नको. फोनही नको. फोनवर तू कोपऱ्यात दाबायला सांगतेस, आणि मी कोपरा शोधेपर्यंत पुढच्या दोन गोष्टी सांगून मोकळी होतेस. लिहून धाडलंस म्हणजे ओळीवर बोट ठेवून एकेक दाबत जाईन.

तर बाई, झालं एकदाचं अपग्रेड. रोज सकाळी कॉम्प्युटर उघडला की वसुलीवाल्यासारखा दारात उभा राहायचा, की जुन्या सिस्टिमची मुदत संपली, यापुढे धोका तुमचा. तूही वर्षभर तेच म्हणत होतीस. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, जुनं सगळं पुसून नवीन घालतो, स्वच्छ चालेल. मला 'स्वच्छ' हा शब्द आवडला. तिथंच फसलो.

नवी सिस्टिम दिसायला झक्क आहे, पण आपल्याच दुकानात मला पाहुण्यासारखं वाटतं. आधी तिनं माझं स्वागत केलं, मग मी कोण म्हणून विचारलं. पासवर्ड दिला तर तो कच्चा म्हणाली. पक्का दिला तर तो मलाच आठवेना. प्रिंटरला ओळखत नाही म्हणते, आणि तो बिचारा इतकी वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून बसलाय. पाट्या कोरायच्या मशीनची वायर जुन्या घराण्यातली, तिच्याकडे तर ही ढुंकूनही बघत नाही. परवा गिऱ्हाईक समोर असताना स्वतःहून बंद झाली, आणि पडद्यावर नुसतं एक चक्र फिरत राहिलं. तुझी काकू डबा घेऊन आली, तर आम्ही दोघं तोंडं पाडून बसलेलो. आत कुणाचं ऑपरेशन चाललंय का, असं तिनं विचारलं.

हेही सोसलं असतं. पण ठमे, दादाची अक्षरं उघडत नाहीत.

हात थरथरायला लागायच्या आधी दादानं अ पासून ज्ञ पर्यंत एकेक अक्षर आलेखाच्या कागदावर काढलं, ते आपण कॉम्प्युटरात भरलं, आणि तेव्हापासून इथली प्रत्येक पितळी पाटी त्याच वळणाची. मूळ कागद वाळवीनं खाल्ले, हे तुला ठाऊक आहे. पुसायच्या आधी मी स्वतः अक्षरं पेन ड्राइव्हवर घेतली होती, शप्पथ. पडद्यावरचं 'दादाची अक्षरं' असं लिहिलेलं चित्र धरलं, ओढलं आणि पेन ड्राइव्हमध्ये सोडलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं. मला वाटलं, काय चपळ वस्तू आहे. आता तेच चित्र उघडायला जावं तर म्हणते, मूळ वस्तू सापडत नाही.

आणि तुमच्या नव्या घराच्या दारावर दादाला त्याच्याच अक्षरांतली पाटी हवीय. जन्म गेला लोकांच्या दारांवर नावं लावण्यात, स्वतःचं म्हणावं असं दार हे पहिलंच. त्याला काय सांगू? काहीतरी उपाय लिही.

लोभ जुन्याच सिस्टिमवर चालू दे, त्याला अपग्रेड नको.

तुझा,
काका


ता. १३ जानेवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना आधी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. शेवटाकडे आले आणि हसू आटलं.

त्या चित्राच्या कोपऱ्यात बारीकसा बाण होता का? असणारच. काका, ती नुसती पाटी होती, आतली वस्तू कुठं राहते ते सांगणारी. तुम्ही पाटी उचलून खिशात घातलीत आणि दुरुस्तीवाल्यानं घर पाडलं. ज्यानं जन्मभर पाट्या विकल्या, त्यानंच पाटीला घर समजावं, याला काय म्हणू! रागावू नका. चूक माझीही आहे. वर्षभर अपग्रेड करा म्हणून मागे लागले, आणि आधी कॉपी काढून ठेवा हे फोनवर जाता जाता सांगितलं. ती कशी काढायची ते सांगितलंच नाही.

आता ओळीवर बोट ठेवा. कॉम्प्युटर बंद करा. त्यावर नवं काहीही करू नका, कारण पुसलेल्या जागेवर नवं लिहिलं गेलं की जुनं कायमचं जातं. आतली डिस्क काढून घ्या आणि पुसलेलं परत काढून देणाऱ्या माणसाकडे न्या. दुरुस्तीवाल्याकडे पुन्हा नको.

बाबा रोज विचारतात. त्यांनी पाटीच्या मापाचा कागद कापून दारावर चिकटवलाय, कोरा. येता-जाता त्याकडे बघतात. मी काकांचं मशीन आजारी आहे म्हणून सांगितलं, त्यावर म्हणाले, धाकट्याचं मशीन कधी आजारी पडत नाही, धाकटाच रुसतो. हाताचा कंप गोळ्यांनी फारसा कमी नाही. चहा मी अर्धाच कप भरते, कारण सांडला की दिवसभर गप्प बसतात. अक्षरं पुन्हा काढून द्या, हे त्यांना म्हणायची माझी हिंमत नाही. तुम्हीही म्हणू नका.

काकूला नमस्कार. तिला सांगा, ऑपरेशन अजून चालू आहे.

तुमच्या लोभाची कॉपी माझ्याकडे नीट ठेवलेली आहे.

तुमची,
ठमी


ता. २४ जानेवारी
दुकानातून

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

पेशंट गेला. तुझं पत्र येईपर्यंत मी नव्या सिस्टिमवर सगळा हिशेब, सगळे फोटो परत भरून बसलो होतो. डिस्कवाला भला माणूस. त्यानं दोन दिवस खटपट केली आणि डॉक्टर बाहेर येऊन मान हलवतात तशी हलवली.

एका वाकड्यातिकड्या जोडणीनं मशीन चालू झालं आहे. तयार अक्षरांत पाट्या निघतात. शाळेच्या कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखी अक्षरं, सगळी एका उंचीची, एकही हसत नाही. दातांच्या डॉक्टरला तशी पाटी दाखवली. वाटलं होतं, नाक मुरडेल. तो छान म्हणाला आणि घेऊन गेला. ठमे, नाक मुरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

सिस्टिम अजून दिवसातून दहादा काहीबाही विचारते. परवानगी देता का, नवीन सोय हवी का, तुमचा अनुभव कसा होता. वाचायचा कंटाळा आला, आता मी सगळ्याला हो दाबतो. सासुरवाडीत जावई म्हणतो तसं.

पण डॉक्टर पाटी घेऊन गेला तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. नवी पाटी लावायला तो जुनी काढणार, आणि जुनीवर दादाची अक्षरं! तसाच मागे धावलो. घर पडलं तरी पाट्या अजून गावभर दारांवर आहेतच की. पातळ कागद आणि पेन्सिल घेऊन रोज दुपारी फिरतोय. पाटीवर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, की अक्षर उमटतं. ते आणून कॉम्प्युटरात भरायचं. लोकांना वाटतं, वसुलीला आलो. एका बाईनं दार न उघडता आतूनच आम्हाला काही नको म्हणून सांगितलं. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र स्टूल आणून दिलं आणि मी घासत असताना मागे उभं राहून, रेघेबाहेर जाऊ नकोस म्हणून बजावलं. गुडघे बोलतात, पण बाराखडी भरत आली.

अडलंय ते एकाच अक्षरावर. ळ. तुमच्या पाटीत तो लागतोच. गोळ्या-औषधांच्या दुकानावर होता, पण त्यांनी दिव्यांची पाटी लावून आपली भंगारात दिली. शेवटी मी दोन व घेतले, त्यांची पोटं कापून जोडली आणि ळ उभा केला. लांबून बघितलं तर खपून जातो. दादा लांबून बघेल, अशी आशा करू.

पाटी उद्या पाठवतो. तू तोंड बंद ठेव.

लोभ असू दे. पाठदुखीवर दुसरं औषध नाही.

तुझा,
काका


ता. ८ फेब्रुवारी
नव्या घरातून

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

हात हलतो, वाचून घे.

पाटी पोचली. दारावर लावली. ठमीला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पोरीला खोटं बोलावं लागलं असतं, आणि त्यात ती तुझ्यावर गेलेली नाही.

म दातांच्या डॉक्टरकडचा. त्याची बाई रोज पाटी घासते, म्हणून कडा बोथट. कॉम्प्युटरातला माझा म असा नव्हता. र मुख्याध्यापिकाबाईंचा. त्यांच्या पाटीवर पडलेला चरा तू अक्षराचाच भाग समजून इमानानं कोरलायस. म्हणजे कॉम्प्युटरातलं गेलं, आणि तू दारोदार फिरलास. या वयात, त्या गुडघ्यांवर. मला सांगायला मात्र घाबरलास. लहानपणी माझी शाई सांडून दिवसभर पलंगाखाली बसला होतास, तसाच आहेस.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. एक दिवस जेवलो नाही. मग दारात खुर्ची टाकून पाटीकडे बघत बसलो. इतकी वर्षं लोकांनी आपापल्या दारावरची ती अक्षरं पुसली, घासली, जपली. कॉम्प्युटरात कोण पुसत होतं?

पण तो ळ माझा नाही. दोन व ची पोटं जोडून ळ होत नसतो, गाढवा. रोज येता-जाता तोच आधी डोळ्यात खुपतो. ठमी ऑफिसला गेल्यावर बसलो. कागदभर काढले. बरेचसे फुकट गेले, सोबत आहेत, हसू नकोस. खालून दुसरा घे. मनगटाखाली उशी ठेवून काढलाय. थरथर दिसेल. ती काढायची नाही. या हाताचा ळ आता तसाच निघतो.

तुझ्या सौ.ला आशीर्वाद. लोभ आहेच, हललेल्या हातानं लिहिला तरी.

दादा


ता. १९ फेब्रुवारी
दुकानातून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खालून दुसरा घेतला. नवी पाटी सोबत पाठवतोय, जुनी परत धाड. दोन व त्यांच्या मालकांना परत करायचे आहेत.

बाकीचे ळ फुकट गेले नाहीत. काचेखाली लावलेत, गल्ल्याच्या वर. अक्षरांच्या कॉपी यावेळी ठमीकडून कृती लिहून मागवली आणि ओळींवर बोट ठेवून काढल्या. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे, एक मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात. त्या वाळवीलासुद्धा वर्गाबाहेर उभं करतील.

सिस्टिमचं तेच चाललंय. आज सकाळी पुन्हा नवी आवृत्ती तयार असल्याचं कळवलं. मी थकलो, दादा. जे विचारेल त्याला न वाचता हो म्हणतो आणि कामाला लागतो. पण ळ असलेली पाटी कोरायला घेतली की दर वेळी ती थांबते आणि विचारते, रेघ थरथरतेय, गुळगुळीत करू का.

तेवढं मी वाचतो, आणि 'नाही' दाबतो.

लोभ आहे तसा ठेव, कडा न घासता.

तुझा,
धाकटा