पहिल्या मालकाचं गोत्र

अण्णा, तुमच्या नातवाविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. नव्या गाडीच्या चाकांखाली ठेवायला त्यानं चार गंधराज लिंबं आणली. ज्याची एक फोड वरणावर पिळली की पंगत गप्प होते, ते लिंबू टायरखाली. साध्या लिंबावर या गाडीचं भागत नाही म्हणे.

खरं सांगायचं तर गाडी आहेच तशी. सॉल्ट लेकच्या आमच्या इमारतीखाली ती येऊन थांबली, तेव्हा शेजारचे दादा हातात चहाचा कप घेऊनच खाली आले आणि म्हणाले, "गाडी ना जाहाज?" मी आत बसलो. दार लागल्याचा आवाज झाला नाही, फक्त बाहेरचं कलकत्ता बंद झालं. जन्मभर मुलांना रथांची वर्णनं शिकवली. त्यातल्या एकाही विशेषणाला यापुढे अतिशयोक्ती म्हणणार नाही.

मग पूजेला बसलो. संकल्पात यजमानाचं नाव-गोत्र घ्यायचं, म्हणून सवयीनं विचारलं, "गाडी तुझ्याच नावावर ना?"

"तुम्ही माझंच नाव घ्या, बाबा. सध्या पहिल्या मालकाच्या नावावर आहे. कागद होतील नंतर."

"तो कोण?"

"कुठल्याशा वकिलातीतला होता. गेला परत त्याच्या देशात."

"त्याचं गोत्र?"

"बाबा, प्लीज."

"आणि आयातशुल्काची पावती?"

"एजंट बघतोय ते. स्वस्त पडली ना, मग थोडं थांबायला काय हरकत आहे?"

वकिलातीच्या माणसाला गाडीवरचा कर माफ असतो आणि त्यानं ती बाहेर विकली की तो भरावा लागतो, हे कस्टम्समधल्या माणसाच्या मुलाला कुणी सांगायला नको. मी शाळेत असताना तुम्ही मला एकदा खिदिरपूरच्या गोदीत नेलं होतं. जप्त केलेल्या परदेशी गाड्या रांगेनं उभ्या आहेत, चाकांमधून गवत वर आलंय, आणि एक डॉक्टर खिशातल्या रुमालानं एका पांढऱ्या गाडीची काच पुसतायत. गाडी त्यांचीच, पूर्ण किंमत देऊन, विश्वासानं घेतलेली. त्यांचं पुसून होईपर्यंत तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिलात. यांचा काय दोष, असं मी नंतर विचारलं. "दोष नाही," तुम्ही म्हणालात, "पण हा कर माणसाला चिकटत नाही, गाडीला चिकटतो. गाडी ज्याच्या दारात, त्याच्या दारात आम्ही." एखाद्याची गाडी घ्यायची आणि त्याची लाजही राखायची, हे तुम्हाला एकाच जागी उभं राहून कसं जमत होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

पूजा मी केली, अण्णा. नावही तुमच्या नातवाचंच घेतलं. गाडी जाईल, साठवलेलं सगळं जाईल, चौकशीला बोलावतील, त्याआधीच आपणहून जाऊन शुल्काचं विचार, हे मी त्याला रविवारी सांगणार आहे. तुमच्याइतक्या थोडक्यात जमणार नाही, पण सांगेन. हे पत्र कुठे पोचणार नाही म्हणून उरलेलंही लिहितो. गाडी घेताना त्याला हे सगळं ठाऊक होतं का, एवढं मात्र मी विचारलेलं नाही. तो हो म्हणेल, याची मला भीती वाटते.