या वेळी स्कूटर खरोखरच रुसली आहे

चिहाउर, गुरुवार सकाळ

आदरणीय कांग एंकुस यांना त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे या दिदिनचा, वाकून सलाम. अल्लाच्या कृपेनं इकडे सगळे हिंडतेफिरते आहेत, एक स्कूटर सोडून. तुमच्या अंगठ्याची सूज उतरली असेल अशी आशा आहे (उतरली नसेल तर शेंगदाणे सोडा. एंतिन म्हणते, दादा चोरून खातो). वहिनींना सलाम. सासूबाईंना, आपल्या अंबूंनाही सलाम सांगा, पण सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडे जरा नीट बघा आणि तो कसा झाला ते मला कळवा.

फोन न करता पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या घरी माझा फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावतात हे मला ठाऊक आहे, कारण मागे मी बोलत असताना मध्येच अंबूंनी पानाची पिंक टाकल्याचा आवाज स्पष्ट आला होता. शिवाय इथली बातमी शेजारच्या बु हाजी मोमोह यांनी आतापर्यंत निम्म्या गारुतला कळवली असणार. ती तुमच्यापर्यंत पोचायच्या आत खरं काय ते माझ्या तोंडून गेलेलं बरं, म्हणून हे कोबीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतो आहे. पाकीट फुटलेलं दिसलं तर त्यानं वाचलंय असं समजा.

तर कांग, स्कूटर चालू होत नाही. सोमवारपासून. किल्ली फिरवली तर दिवा लागत नाही, हॉर्न साधं कण्हत नाही, सेल्फ दाबला तर भिंतीवरचं बटण दाबल्यासारखं. चाळीस किका मारल्या, एकेचाळिसाव्या किकेला चपलेचा अंगठा तुटला. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. प्लग काढून पुसला, फुंकला, उन्हात ठेवला. तान्ह्या पोराला ढेकर काढायला थोपटतात तशी तिला या कुशीवर, त्या कुशीवर वळवून थोपटली. काही नाही. आणि रविवारी सकाळी मुलाकडची माणसं आमच्या लेकीला, आपल्या मीमिनला मागणी घालायला येणार आहेत. आपल्या घरात आजीच्या होकाराशिवाय पोरगी दिली जात नाही, आणि तिच्या आजीनं, म्हणजे अंबूंनी, सोमवारी निरोप पाठवला की दिदिन स्वतः त्याच स्कूटरवरून न्यायला आला तरच मी येईन, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. मीमिन तेव्हापासून नीट जेवलेली नाही. मला तर पहिला संशय तिथंच आला. आबांच्या मिनीबसवर जिनं बावीस वर्षं दाराला लटकून कंडक्टरी केली (आणि वाटेत गाडी बंद पडली की आबा बिडी ओढत बसायचे आणि बोनेट हीच उघडायची), तिला मिनीबसचं वावडं कधीपासून झालं?

मेकॅनिककडे गेलो. आमचा मांग ओहिम, हाकेप्रमाणेच सगळ्या वस्तीचा दादा. मी म्हटलं, मांग, स्कूटर चालू होत नाही. तर हा गृहस्थ हातातला पाना खाली ठेवून हसायलाच लागला. म्हणाला, "आज कोणी मागितली, दिदिन?" मी म्हटलं, कोणी नाही, खरंच बिघडलीय. त्यावर तो इतका हसला की त्याला बाकड्यावर बसावं लागलं.

आता इथं थोडं मागं जायला हवं. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा कानाखाली वाजवलेली बरी, हे तुम्हाला मी काय सांगावं. विळा मागितला तर विळ्याची मूठ निघालेली असते, शिडी मागितली तर ती सासुरवाडीला गेलेली असते. मागणाऱ्यालाही कळतं, देणाऱ्यालाही कळतं, दोघं चहा पितात. तसा मी "स्कूटर रुसलीय" म्हणत होतो. पण शिडी लपवता येते, स्कूटर अंगणात चकचकीत उभी असते. त्यात बु हाजी मोमोह यांच्यासारखी शेजारीण असली की ती म्हणते, "असं? बघू, मी एकदा सेल्फ मारून बघते." आणि मारला की स्कूटर बेशरमासारखी चालू. दोनदा माझी अशी शोभा झाली. म्हणून मी शहरातून एक चोरबटण बसवून आणलं. डिकीत, हत्यारांच्या पिशवीमागे, रबराच्या झापेखाली. पुष्कळ लोक चोरांसाठी बसवतात. मी पण चोरांसाठीच बसवलं (असं एंतिनला सांगितलं होतं). ते बंद असलं की सेल्फ नुसता टर्रर करतो, इंजिन काही पकडत नाही. मागणाऱ्यानं स्वतःच्या हातानं खात्री करून घ्यावी, घाम पुसावा आणि वर माझीच समजूत काढून जावं. तीन वर्षं सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

(मागच्या ईदनंतरचं तुम्हाला आठवत असेल. आठवत नसेल तर हा कंस गाळा. अंबूंचा डोळा तपासायला न्यायचा होता. तुम्ही दोघं मिनीबसनं आला होता, म्हणून माझी स्कूटर मागितलीत, सेल्फ मारलात, किका मारल्यात, शेवटी "जाऊ दे दिदिन, तू तरी काय करणार" म्हणून अंबूंचा हात धरून उतारानं हमरस्त्यापर्यंत चालत गेलात. मी फाटकापर्यंत सोडायला आलो होतो. मला त्या दिवशी दुपारी लाकडाच्या वखारीत जायचं होतं. आता वखारीत काय काम होतं, तेही आठवत नाही.)

असो. शेवटी काल मीमिन स्वतः मांग ओहिमच्या दारात जाऊन रडली, तेव्हा तो आला. त्याच्या मागून दहा-बारा माणसं आली. सगळी कधी ना कधी माझ्या स्कूटरला किका मारून गेलेली. बु हाजी तर खुर्ची घेऊन आल्या. मी पुढं होऊन म्हटलं, डिकीत काही नाही, मांग, तू खालून बघ. असं म्हटल्यावर कोणता मेकॅनिक खालून बघेल? त्यानं डिकी उघडली, पिशवी बाजूला केली, झाप उचलली आणि थांबला. मग बोटानं ते बटण एकदा खाली केलं, एकदा वर केलं. टक. टक. कांग, एकेकाच्या चेहऱ्यावर त्याची त्याची तारीख उगवताना मला दिसत होती.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण आपली माणसं. तोंडावर नाही म्हणत नाहीत, तसं तोंडावर खोटारडाही म्हणत नाहीत. एक जण म्हणाला, "चोरांसाठी असेल." दुसरा म्हणाला, "हो, हो, हल्ली चोर फार." बु हाजी खुर्ची उचलत म्हणाल्या, "माझ्यासारखे." मग प्रत्येकाला काही ना काही काम आठवलं. मांग ओहिमनं झाप जशीच्या तशी लावली, डिकी बंद केली. मी म्हटलं, अरे पण बिघाड? बटण तर चालूच आहे, बिघाड दुसराच आहे! तो अगदी अदबीनं म्हणाला, "बघितला असता हो दिदिन, पण माझे पाने रुसलेत."

मग रविवारपुरती दुसऱ्याची तरी न्यावी म्हणून मी अकरा घरं फिरलो. आमच्या वस्तीतल्या अकराच्या अकरा स्कूटर काल संध्याकाळी रुसलेल्या होत्या. एकीचं इंजिन अजून चटके देत होतं, दुसरीवरून मालक माझ्यासमोर उतरला. सगळ्यांनी चहा पाजला. मी अकरा कप चहा पिऊन घरी आलो.

आता प्रश्न एवढाच की हे केलं कुणी. कारण स्कूटर आपणहून बिघडलेली नाही, हे मी लिहून देतो. मांग ओहिमला गिऱ्हाईक हवं असतं हे खरं, पण मग तो आल्या गिऱ्हाइकाला हसला नसता. बु हाजींना मी शनिवारीच नाही म्हटलं होतं (म्हणजे रुसलीय म्हटलं होतं) आणि जाताना त्या जपमाळेवर काहीतरी पुटपुटल्या. एंतिनवर माझा संशय नाही, पण ती सोमवारपासून तांदूळ धुताना गाणं गुणगुणते आहे, आणि बावीस वर्षांच्या संसारात तिनं तांदूळ धुताना गाणं म्हटलेलं मला आठवत नाही. चोराच्या मनात चांदणं असं लोक म्हणतात. चांदणं असतं तर निदान काही दिसलं तरी असतं.

राग नसावा. मोठ्यांच्या आशीर्वादाची गरज आजच्याइतकी कधी नव्हती.

आपला,
दिदिन

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. गेल्या रविवारी तुम्ही दोघं तारीख ठरवायला आला होता, तेव्हा आपण सगळे आत वाद घालत होतो आणि अंबू वाऱ्याला म्हणून पाऊण तास अंगणात स्कूटरपाशी पान चघळत बसल्या होत्या. त्या वेळी स्कूटरजवळ कोण आलं होतं, हे त्यांना गोडीगुलाबीनं विचारा. माझ्याकडे साक्षीदार तेवढ्या एकच आहेत. आणि विचारता विचारता, मिनीबसनं यायचं बघता का, हेही घाला.

ता. क. २. त्याच दिवशी निघताना अंबूंनी माझ्या हातात वजितच्या गोड वड्यांची पुडी ठेवली. म्हणाल्या, "दिदिन, ही तुझी एकट्याची. कुणाला द्यायची नाही. तसंही तुला देणं कुठं जमतं?" ज्या सासूनं वर्षभर माझ्याशी 'हूं'च्या पुढं शब्द काढला नाही, ती एकदम गोड खायला घालते? मी पुडी न उघडता कपाटावर ठेवली आहे. तिला मुंग्यासुद्धा लागलेल्या नाहीत. तुम्हीही त्याच घाण्यातली वजित खाल्ली असेल तर पोट कसं आहे ते कळवा.

ता. क. ३. कोबी अजून भरतायत, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. एंतिननं आज नुसता भात वाढला, तेव्हा भुकेपोटी ती पुडी सोडली. पहिली वजित उत्तम होती. दुसरी मक्याच्या पानातून सोडवून चावली तर दाताखाली कट्‌ झालं. मला वाटलं दात गेला. दात नव्हता. प्लॅस्टिकच्या कपट्यात गुंडाळलेला स्कूटरचा फ्यूज होता. आबांच्या मिनीबसचं बोनेट कोण उघडायचं, हे मी वर स्वतःच लिहिलंय आणि तरी माझ्या टाळक्यात शिरलं नाही. काखेत कळसा असतो म्हणतात, माझा कपाटावर होता. पहिल्या दिवशी खाल्ली असती तर डिकी कुणासमोर उघडावीच लागली नसती.

फ्यूज लावला. स्कूटर एका सेल्फला चालू झाली. मला हसू यायला हवं होतं, पण मी सीटवर डोकं टेकून रडलो. ईदनंतरच्या त्या दिवशी तुम्ही फाटकातून आत येताना मी घाईनं झापेखाली हात घातला होता. अंबूंचा एक डोळा बांधलेला होता. दुसरा कुठं होता, ते आज कळलं. आणि तरी त्या मुकाट्यानं चालत गेल्या, तुमच्यापाशीही बोलल्या नाहीत (बोलल्या असत्या तर गेल्या रविवारी तुम्ही माझ्या घरी तीनदा भात घेतला नसता). मला लाज वाटते, कांग. चोरबटण वायरीसकट उपटून काढलंय. हे त्यांना तुम्ही सांगू नका, मीच समोर बसून सांगेन.

ता. क. ४, आणि शेवटचा, कारण ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. स्कूटरचा आवाज ऐकून बु हाजी आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दिदिन, बहिणीकडे जायचं होतं. रुसलीय का?" मी तोंड उघडलं. मग स्कूटर बंद केली. किल्ली दिली. आता ट्रकवाला सांगतो की बहीण डोंगरापलीकडे राहते, तिच्याकडे लग्न आहे, आणि बु हाजी सोमवारशिवाय काही परतत नाहीत. तेव्हा मी शनिवारी पायीच निघतो. त्या उतारावरून अंबू चालल्या, तर मीही चालेन. स्कूटर का आणली नाही असं त्या विचारतील. दिदिननं ती दिली, एवढंच सांगा. तेवढ्यावर त्या येतील असं मला वाटतं. फक्त परत येताना त्यांना चालवत आणता येणार नाही.

कांग, तुमची स्कूटर रुसलेली नाही ना?