पाठराखीण

१ जून १९५७

सुटले! आज आश्रमातून बाहेर पडले. अठरा पूर्ण झाली. म्हणजे ऑफिसने तसं ठरवलंय. आमच्यातल्या निम्म्या मुली एक जूनलाच जन्मल्या, कारण खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही!

निघताना नलिनीताईंनी पुन्हा विचारलंच. आश्रमाच्या अधीक्षिका त्या, विचारणं त्यांचं कामच. 'नक्की ना गं शेवंती? परळच्या इस्पितळात नर्सिंगची जागा आहे, राहायची सोय आहे. एकदा बाहेर गेलीस की इथे परत राहायला घेता येत नाही. कमिटीचा नियम आहे, माझं काही चालत नाही.' मी म्हटलं, ताई, मला घर आहे! सगळ्या मुलींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

आहेच मुळी. दर दिवाळीला लोक आश्रमातल्या एकेका मुलीला दोन दिवस घरी न्यायचे. बाकीच्यांना दर वर्षी नवं घर, मला मात्र कायम मुलुंडच्या सुगंधाकाकूंचं. काकू, अण्णा आणि त्यांची नीला, माझ्याच वयाची. गेल्या दिवाळीत न्हाऊ घालताना काकू म्हणाल्या, 'अठराची झालीस की इकडेच ये. तू काय परकी आहेस?' तेवढ्यावर मी परळ सोडलं. ती जागा प्रेमाला मिळाली. प्रेमा म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरची, लहानपणापासूनची. पोहोचवायला फाटकापर्यंत आली आणि म्हणते कशी, 'तू मूर्ख आहेस!' जळते मेली.

अण्णा न्यायला आले होते. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. ते बोलतच नाहीत.

४ जून

भाताने परवा लाज काढली! काकू म्हणाल्या, भात टाक. मी टाकला. आश्रमात आम्ही साठजणींचा टाकायचो, चौघांना किती लागतो ते मला काय ठाऊक? पातेलं उतू गेलं, मग परातीत काढला, मग अजून एका पातेल्यात. नीला पोट धरधरून हसली. काकूही हसल्या. दोन दिवस फोडणीचा भात चाललाय. शेवटी अण्णा बोलले! 'उद्या पोळ्या करा.'

घरामागच्या शाळेची घंटा वाजली की मी अजून ताट घेऊन रांगेत उभी राहायला जाते. नीलाने पाहिलं. आता ती मुद्दाम 'टण टण' ओरडते. ओरडू दे. आश्रमात, गोवंडीला, वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याचा वास जेवणाच्या पानापर्यंत यायचा. इथे पारिजातक आहे.

२० जून

नीलाच्या खोलीतच झोपते. तिच्या कॉलेजच्या गोष्टी ऐकते. सकाळी तिच्या वेण्या मीच घालते, दुसऱ्या कुणाचा हात तिला चालत नाही. 'मला बहीण नव्हती, आता आहे,' असं आज तिच्या मैत्रिणीसमोर म्हणाली. मी भांडी घासत होते. घासता घासता रडले. वेडीच आहे मी.

काकूंनी धुण्याभांड्याच्या बाईला काढलं. 'आता आपण तिघी आहोत घरात, बाई कशाला?' तिघी म्हणजे मी! पण घरच्या मुली काय काम करत नाहीत?

११ ऑगस्ट

काकू नीलाला 'अगं' म्हणून हाक मारतात. मलाही 'अगं'. दोघी एकदम 'ओ' देतो. बरं वाटतं.

१७ नोव्हेंबर

आज नीलाला बघायला आले. अंधेरीचे लोक. मुलगा जयवंत, रेल्वेच्या ऑफिसात आहे. बरा आहे, खाली मान घालून पोहे खात होता. पोहे माझे. त्याच्या आईची नजर मात्र सगळीकडे. मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे बघून विचारलं, 'ही कोण?'

मी थांबले. खरंच थांबले, हातात ट्रे घेऊन. मलाही ऐकायचं होतं.

काकू म्हणाल्या, 'आमच्याकडेच असते.'

असते! मांजर पण असते.

१८ नोव्हेंबर

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी नीलाशी बोलले नाही. तिने मला गुदगुल्या केल्या, मग चिडली, मग समजावलं. 'अगं, लग्नाच्या वेळी लोक नसत्या चौकशा करतात. आश्रम, आईबाप, सगळं काढत बसतात. आई काय सांगणार? तू कशाला मनाला लावून घेतेस?' खरं आहे. माझ्यामुळे तिचं ठरता ठरता मोडायला नको. गेला राग.

८ डिसेंबर

जमलं! अंधेरीचे लोक आज देण्याघेण्याची बोलणी करायला आले होते. मी घरात नव्हते. नेमकं तेव्हाच काकूंनी मला वाण्याकडे पाठवलं आणि तिथून शिंप्याकडे, आणि शिंप्याचं दुकान बंद! परत आले तर सगळे पेढे खात बसलेले. जयवंतच्या आईने मला जवळ बोलावलं, पाठीवरून हात फिरवला. 'तब्येत चांगली आहे हो हिची.' मला बाई नवल वाटलं. आधी माझ्याकडे कशी बघत होती!

१२ जानेवारी १९५८

आज मी कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय! कुणी नाहीच, म्हणून इथे लिहिते.

काकूंनी जवळ बसवून सांगितलं, 'नीलाबरोबर पाठराखीण म्हणून तू जा.' मी! नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिला एकटं वाटू नये म्हणून माहेरचं कुणी तरी सोबत जातं. आजी जाते, नाही तर धाकटी बहीण. परकं माणूस कुणी पाठवत नाही. नीलाला सख्खी मामेबहीण आहे, शुभा, ती जायला टपलेलीच होती. तिला नाही, मला! मग मी कोण झाले? आता विचारा म्हणावं, ही कोण! मनात ठेवलेलं सगळं मी काढून टाकलं. काकूंच्या पाया पडले. काकूंनी तोंड फिरवलं. त्यांचेही डोळे भरले असतील.

काठापदराची साडी आणलीय मला. नवी. माझ्यासाठी म्हणून दुकानातून आणलेली.

१५ फेब्रुवारी

काल लग्न लागलं. आज अंधेरीहून लिहिते.

लग्नाला नलिनीताई आल्या होत्या. मला बघून खूश झाल्या. मी म्हटलं, ताई, मी पाठराखीण! ताई म्हणाल्या, 'वा! मग परत कधी?' म्हटलं, आठवड्याभरात मांडवपरतणीला नीला माहेरी येईल तेव्हा मीही येईनच. ताईंनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, 'पंगत वाढायला घ्यायची आहे,' आणि गेल्या. घाई होतीच म्हणा.

निघताना काकू नीलाच्या गळ्यात पडून रडल्या, मग माझ्या. अण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

१८ फेब्रुवारी

पाठराखणीने नवरीजवळ बसायचं असतं ना? मी तर स्वयंपाकघरातून बाहेर पडत नाहीये! सत्यनारायण झाला, पाहुणे गेले, तरी कणकेच्या परातीसमोर मीच. नीलाच्या सासूबाई सांगतात, 'डबे कुठले कुठे ते नीट बघून ठेव.' मी कशाला बघून ठेवू? मी काय इथे राहणार आहे?

असो. नीला सुखात आहे. तिचा चेहरा बघून मला बरं वाटतं.

२४ फेब्रुवारी

 लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

आज मांडवपरतणी. अण्णा न्यायला आले. मी पहाटेच उठून माझी ट्रंक भरली, ती काठापदराची साडी नेसले, नीलाच्या वेण्या घातल्या. अण्णांचा चहा झाला. नीला चपला घालून उभी. मी ट्रंक उचलली, तर सासूबाई हसल्या. 'तू कुठे चाललीस?'

मी म्हटलं, घरी.

'अगं, तू आता इथलीच! ठरलंय ना तसं. का हो?' हे अण्णांना. अण्णा जमिनीकडे बघत होते. 'बोलणीत ठरलंय. आमची एकच अट होती, मुलीबरोबर कामाला पोरगी द्यायची, कायमची. तुम्हीच कबूल केलंत.'

अण्णा म्हणाले, 'राहा हो इथे. नीला आहेच.' आणि निघाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नीला म्हणाली, 'मी येतेच आठ-पंधरा दिवसांत,' आणि गेली त्यांच्या मागे. मी जिन्यात उभी. वरून आवाज आला, 'शेवंती, डाळ शिजत घाल.'

मी डाळ शिजत घातली! ह्याचा मला सगळ्यात जास्त राग येतोय.

२५ फेब्रुवारी

म्हणून पाठराखीण! म्हणून तब्येत बघितली! म्हणून काकूंनी तोंड फिरवलं! आणि मी त्यांच्या पाया पडले. भांडीकुंडी देतात, पलंग देतात, तशी मला दिली. हसत हसत, नवी साडी नेसवून. ठरत होतं तेव्हा मला वाण्याकडे पाठवलं. शिंप्याचं दुकान रविवारी बंद असतं हे काकूंना ठाऊक नव्हतं?

काकू, मी तुम्हाला मनातल्या मनात आई म्हणत होते. तुमच्यासमोर कधी म्हटलं नाही, ते बरं झालं.

२६ फेब्रुवारी

डाळ. भात. पोळ्या. 

९ मार्च

प्रेमा आली! तिला सुट्टी होती. नलिनीताईंना लग्नातच शंका आली होती, त्यांनीच हिला पाठवलं. पांढरी साडी, पायात बूट, ताठ चालते आता. मागच्या दारात उभ्याउभ्या तिला सगळं सांगितलं. मला वाटलं आता म्हणणार, बघ, मी म्हटलं होतं. तसं काही म्हणाली नाही. नुसती शिव्या देत सुटली, आश्रमात शिकलेल्या सगळ्या!

मग म्हणाली, 'एप्रिलमध्ये नवीन मुली घेतायत. मेट्रनशी मी बोललेय. तू सातवीची फायनल पास आहेस, घेतील. तोवर माझ्या खोलीत राहा, आत्ता चल.'

मी नाही म्हटलं.

नीला परवा-तेरवा येईल. आल्यावर मी दिसले नाही तर? काकूंनी मला फसवलं, अण्णांनी फसवलं, पण नीलाचा काय दोष? तिला कुणी विचारलं असेल? ह्या बाईच्या हाताखाली ती एकटी कशी राहील? ज्या घरात मला कुणीतरी बहीण म्हणतं ते घर सोडून मी कुठे जाऊ? प्रेमाला हे कळणार नाही. ती रागावून गेली. जाताना पत्ता मात्र तीनदा म्हणून घेतला माझ्याकडून, पाढे म्हणून घेतात तसा.

मी राहणार. नीलासाठी.

१३ मार्च

नीला आली. आल्या आल्या मला मिठी मारली. आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, काकूंनी असं का केलं गं? मला तोंडावर सांगायचं तरी.

ती म्हणाली, 'आईला कशाला बोल लावतेस? आईच्या मनात नव्हतं. ती म्हणत होती, शेवंतीला परळला पाठवू, नाही तर तिलाही एखादं स्थळ बघू. इकडची अट बिट काही नव्हती, सासूबाई उगाच म्हणतात. मीच हट्ट धरला, शेवंती बरोबर हवी. मला का इथलं सगळं एकटीला जमणार होतं? आणि तुला तरी दुसरं कोण आहे?' हसून म्हणाली, अगदी मायेने. मग पाठ करून बसली, वेण्या घालायला.

मी उठले. बाहेर जयवंतराव पेपर वाचत होते, त्यांना विचारलं, परळला कसं जायचं? म्हणाले, एल्फिन्स्टन रोडला उतरायचं, पूल ओलांडला की परळ.

इतकं सोपं!

उद्याचा चहा ज्याचा त्याने करून घ्यावा.