शिरवळच्या नोकरीला नकार

नीलिमा,

मी सकाळच्या एस.टी.नं शिरवळला जातोय. शाळेतून आलीस की आमटी गरम करून घे. गच्चीवरच्या कुरडया अजून ओलसर आहेत, तेवढ्या उलटून ठेव.

काल तू आण्णांना म्हणालीस, "आवं आण्णा, यांच्यासाठी कायतरी नोकरी बगा. मिलिटरीतनं आलेला गडी दिवसभर चुलीपाशी असतोय, नळावर बायका हसत्यात." मी आत भांडी लावत होतो. सगळं ऐकलं.

थोरला भाऊ म्हणून आण्णांनी लगेच शिरवळच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकलाय. त्यांचा मान राहावा म्हणून नकार समोर जाऊन देतोय.

पलटणीत असताना घरचे उन्हाळे-पावसाळे मला तुझ्या पत्रांतूनच कळायचे. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा ते हातानं केले. पावसात घरात दोरी बांधून तुझ्या साड्या वाळवल्या. थंडीत गोधड्यांना ऊन दाखवलं. परवा कुरडयांचा चीक शिजत होता, घरभर वास सुटला होता, आणि तेव्हा मला वाटलं, आता मी खरा घरी आलो. तू शाळेत होतीस, म्हणून सांगायचं राहिलं.

बायका हसल्या तर हसू देत. पण तुला माझी लाज वाटत असेल, तर ते आण्णांना सांगू नकोस, मला सांग. मी रागावणार नाही. दोघं बसून काय ते ठरवू.

दिवेलागणीला परत येतो. शाळेतून दमून येशील, भाकरीला बसू नकोस. मी आल्यावर थापतो.

बुद्धभूषण