चौदा नंबरचे बूट

ती. दत्तामामा,

दुकान बंद झालं, की तिथल्या माणसाने दिलेला शब्द कोणाकडे जातो? मी घरातली पहिली पदवीधर, पण मला याचं उत्तर येत नाही. साष्टांग नमस्काराआधीच प्रश्न विचारला, माफ करा. तुमची कंबर आता कशी आहे? हौसामामींचा गुडघा? इथे आई बरी आहे, मी दमले आहे आणि बाबा बुटांची वाट बघत आहेत.

गेल्या श्रावणात आम्ही पेणजवळच्या त्या मोठ्या आउटलेट मॉलमध्ये गेलो होतो (कंपन्यांचा मागच्या मोसमाचा माल तिथे स्वस्त मिळतो). माझ्या पदवीदानासाठी बाबांना जन्मातले पहिले बूट घ्यायचे होते. मिठागरात राबलेले त्यांचे पाय कुठल्याच बुटात मावेनात, पण चौदा नंबरच्या दुकानातले तपकिरी बूट बसले. तेव्हा बाबांनी, आपण गावच्या दुकानात सांगतो तसं, तिथल्या विक्रेतीला सांगितलं, "बाजूला ठेव गो. भात झोडला का नेतो." ती निडी गावची स्वप्नाली. "व्हय काका, ठेवते," म्हणाली.

भात झोडून गेलो, तर चौदा नंबरात चादरी. बाबांनी तिथे बूट मागितले (तो माणूस इतका सभ्य, की त्याने दोन गठ्ठे हलवूनही पाहिले). संक्रांतीनंतर गेलो, तर चादरी जाऊन खेळणी आलेली. शिमग्यानंतर गेलो, तर व्यायामाची पावडर. तिथल्या माणसाने बाबांना एका यंत्रावर उभं केलं. बाबांना वाटलं, पायाचं माप घेतोय. "तुमच्या अंगात चरबीच नाही," असं म्हणत त्याने मोठा डबा पुढे केला. बाबा म्हणाले, चरबीचं राहू दे, बूट काढ.

प्रत्येक वेळी परतीच्या एसटीत मी त्यांना गाळ्यांचा भाडेकरार समजावला. ते शांतपणे ऐकतात आणि धरमतरचा पूल आला की म्हणतात, "दुकान गेला, पोर तर हाय ना? मी दुसरे घेतले नि तिने माझे सांभाळून ठेवले असले, तर?" दुसरे घेणार नाहीत आणि चपला घालून समारंभाला येणार नाहीत. आई त्यांना म्हणाली, बसा त्या पोरीची वाट बघत, लेक जाईल एकटी. समारंभ येत्या रविवारी आहे. दिलेला शब्द पाळावा, हे घरात सगळ्यांना मीच ऐकवत असते, त्यामुळे मला वाद घालायलाही तोंड नाही.

तुमची,
दिपिका

ता. क. मॉलचा रखवालदार सांगतो, स्वप्नाली आता धाटावला तुमच्या शेजारच्या कंपनीत पॅकिंगला आहे. शिफ्ट सुटताना तिला गाठा आणि बाबांना शब्दातून मोकळं करायला सांगा.

ता. क. दुसरा. वरचं राहू द्या. शेजारच्या चंदरच्या हाती पत्राबरोबर पिशवी पाठवली आहे, तीत तपकिरी बूट आहेत. बाबांच्या जुन्या चपलेच्या मापाने परवा पेणच्या बाजारात घेतले. चावू नयेत म्हणून मीच तीन-तीन मोजे चढवून दोन दिवस ते पायात घालून वाचनालयात बसले आणि सैल केले. शनिवारी येताना ते घेऊन या. स्वप्नालीने सांभाळून ठेवले होते, एवढंच बाबांना सांगा. मी खोटं बोलत नाही, हे त्यांना माहीत आहे, म्हणून तुम्ही सांगायचं. खोक्यावर 'काकांचे, बाजूला ठेवलेले' अशी चिठ्ठी आहे. अक्षर ओळखू येणार नाही. डाव्या हाताने लिहिलं आहे.