सुतळीची गाठ

गुरुवार, ११ डिसेंबर

आईच्या देवांसाठी कोनाड्यात फळी बसवायची होती. तिने सुतळीने माप घेऊन गाठ मारली होती. निगडीच्या प्लायवूडवाल्यासमोर मी खेकसलो, "सुतळीने कोण मोजतं, आई?" सुतळी खिशात कोंबली आणि माझ्या टेपचं माप सांगून फळी कापून घेतली.

घरी आलो तर फळी दहा सेंटिमीटर आखूड. कंपनीतल्या टेपचं टोक झिजलंय, म्हणून तिथे आम्ही दहापासून मोजतो आणि दहा वजा करतो. घरचा टेप धड, मोजलं शून्यापासूनच, तरी सवयीने दहा वजा केलेच!

आई म्हणाली, "मीच मधी बोलले, म्हणून तुझं चुकलं असंल, बाबा."

मी म्हणालो, "असू दे."

ती आत गेल्यावर सुतळी कोनाड्याला लावून पाहिली. गाठ बरोब्बर कडेवर. चूक माझी, आणि मोठ्या मनाने माफ कुणी कुणाला केलं? मी तिला.